मार्च आणि लोकधुना: ब्रास बँडचं रेकॉर्डिंग खालून वर ऐकायला शिका

बँड म्हटलं की आपल्याला वरात आठवते, नाहीतर विसर्जनाची मिरवणूक. पुण्यात प्रभात बँड समोरून जाताना ज्यांनी थांबून ऐकला आहे, त्यांना पितळी वाद्यांचा आवाज छातीत कसा घुमतो हे वेगळं सांगायला नको. हा लेख त्या बँडच्या दूरच्या एका नातलगाबद्दल आहे. उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांच्याभोवती वाढलेला हा ब्रास बँड. त्याच्या रेकॉर्डिंगवर दोन गोष्टी हमखास सापडतात: मार्च, म्हणजे पावलांच्या ठेक्यावर चालायच्या धुना, आणि लोकधुना.

नव्यानं ऐकणारे बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकला कंटाळतात, कारण सगळं एकसारखं वाटायला लागतं. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नाही. कान आपसूक सगळ्यात वरच्या सुराला, म्हणजे कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या वाद्याला, चिकटतो आणि तिथेच राहतो. कॉर्नेट धून सांगतं, पण बँडचा खरा खेळ त्याच्या खाली चाललेला असतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: बँड खालून वर ऐकायची सवय लावणं.

आधी काय लावायचं

सर्चमध्ये नुसतं ‘बँड मार्च’ टाकलं तर दोन वेगळे प्रकार एकत्र येतात. एक मिलिटरी बँड किंवा विंड बँड. त्यात पितळी वाद्यांबरोबर क्लॅरिनेट, बासरी, ओबो, सॅक्सोफोन असतात. दुसरा ब्रास बँड. त्यात फुंकायची वाद्यं सगळी पितळेची, जोडीला फक्त ड्रम आणि इतर तालवाद्यं. आपल्या वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट असतंच, त्यामुळे हा फरक ओळखणं आपल्याला सोपं जातं. पहिल्या अर्ध्या मिनिटात क्लॅरिनेटची ती लाकडी, किंचित नाकातली फिरत ऐकू आली, तर तो ब्रास बँड नव्हे. दोन्ही ऐकावेत, फक्त आपण काय ऐकतोय हे माहीत असावं.

ब्रास बँडसाठी ही नावं शोधा: ब्लॅक डाइक, ग्राइमथॉर्प कॉलिअरी, ब्रिगहाउस अँड रॅस्ट्रिक, फोडन्स, आणि वेल्समधला कोरी. ब्लॅक डाइक १८५५ पासूनचा, यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरी गावच्या गिरणीचा. ग्राइमथॉर्प १९१७ चा, कोळसा खाणीचा. ती खाण १९९३ मध्ये बंद झाली, बँड मात्र आजही वाजतो. या नावांमागे कामगारांची वस्ती आहे. दिवसभर मागावर किंवा खाणीत राबलेली माणसं संध्याकाळी तालमीला येत. एवढं ठाऊक असलं की मार्चमधला ताठपणा निव्वळ लष्करी वाटत नाही, त्यात गावाचा अभिमानही ऐकू येतो.

अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकू नका. एक मार्च आणि एक लोकधुनांची रचना एवढंच निवडा आणि आठवडाभर तेच दोन फिरवून ऐका.

कशावर ऐकायचं

मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात नको. ब्रास बँडमधले सगळ्यात मोठे ट्युबा, ज्यांना बँडवाले ‘बेस’ म्हणतात, ६० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली उतरतात. मोबाईलचा स्पीकर तो सूर वाजवूच शकत नाही. म्हणजे खालून ऐकायचं ठरवलं तरी खाली काही शिल्लकच नसतं. साधे पण कानात नीट बसणारे इअरफोन चालतील, हेडफोन असले तर उत्तम.

इक्वलायझर बंद ठेवा. ‘बेस बूस्ट’सुद्धा बंद, कारण त्यानं बेस वाढतो पण त्याची धार जाते. आवाज किती ठेवायचा हे ट्रॅकच्या सुरुवातीवरून ठरवू नका. आधी शेवटच्या मिनिटावर जा, जिथे सगळा बँड पूर्ण जोरात असतो. तिथे कानाला सहन होईल इतका आवाज लावा आणि मग पहिल्यापासून ऐका. मधले हळू भाग खरोखर हळूच ऐकू आले पाहिजेत. हळू भाग आला की आवाज वाढवायचा आणि जोराचा आला की कमी करायचा, असं करत राहिलात तर बँडनं मेहनतीनं साधलेला चढउतार तुम्हीच पुसून टाकता.

वाद्यांची ओळख: एका वेळी एकच

ब्रास बँडची घडण जवळजवळ ठरलेली आहे. साधारण पंचवीस पितळी वाद्यं आणि तालवाद्यं वाजवणारे दोन-चार जण. वरच्या अंगाला एक लहानसं सोप्रानो कॉर्नेट आणि नऊ कॉर्नेट. मग एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बेस. यात ट्रम्पेट नाही. कॉर्नेटची नळी तोंडापासून हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे त्याचा सूर ट्रम्पेटइतका टोकदार न राहता गोल होतो. ट्रॉम्बोन सोडले तर बाकीची वाद्यंही याच रुंदावणाऱ्या नळीच्या जातीची आहेत. म्हणून ब्रास बँडचा एकत्र आवाज एकाच कुटुंबातल्या माणसांनी मिळून गायल्यासारखा येतो. नवख्याला वाद्यं वेगळी काढता येत नाहीत त्याचं कारणही हेच.

म्हणून सगळी एकदम ओळखायला जाऊ नका. क्रम असा धरा.

आधी बेस. डोळे मिटून फक्त सगळ्यात खालच्या सुराच्या मागे जा. मार्चमध्ये तो बहुतेक वेळा पावलासारखा पडतो: सम, मग मोकळी जागा, सम, मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत ‘च्यक’ असा जो मधला सूर येतो तो टेनर हॉर्नचा. हे दोन सापडले की अर्धा मार्च सापडला.

मग युफोनियम. माझ्या मते ब्रास बँडचं हृदय इथे आहे. पुरुषाच्या भरीव आवाजाच्या पट्टीतलं, मऊ, किंचित कंप घेणारं वाद्य. वर कॉर्नेट धून वाजवत असताना युफोनियम बऱ्याचदा खालून वेगळीच धून गात असतं, आणि ती मुख्य धुनेला धक्का न लावता तिच्या रिकाम्या जागा भरते. ज्या दिवशी ही दुसरी धून पहिल्यांदा स्वतंत्र ऐकू येते, त्या दिवसापासून बँड ऐकणं पार बदलून जातं.

त्यानंतर ट्रॉम्बोन. तो ओळखायला सगळ्यात सोपा, कारण जोरात वाजला की त्याच्या सुराला धातूची कड येते. शेवटी फ्लुगलहॉर्न, म्हणजे कॉर्नेटचं जास्त मऊ आणि सावळं भावंड. हळू धुनेत एकट्यानं गायचं काम त्याला मिळतं.

हेडफोन असतील तर आणखी एक खूण आहे. बहुतेक ब्रास बँड नालाच्या आकारात बसतात. कॉर्नेट डावीकडून ऐकू येतात, युफोनियम आणि बॅरिटोन उजवीकडून, हॉर्न मध्ये आणि बेस मागून.

मार्च: पावलं मोजा, मग भाग मोजा

पहिल्यांदा मार्च ऐकताना बसून राहू नका, घरातल्या घरात चाला. साधा क्विक मार्च मिनिटाला १२० पावलांच्या आसपास असतो. डावं, उजवं. लगेच एक गोष्ट लक्षात येईल: काही मार्चमध्ये प्रत्येक पावलाचे दोन सरळ तुकडे पडतात, तर काहींमध्ये तीन. पहिला प्रकार दोन-चारचा, तो ताठ. दुसरा सहा-आठचा, त्याला झोका असतो. दादरा अंगात भिनलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

आता भाग. एक नमुना नीट पाठ केला की बाकीचे आपोआप उलगडतात. त्यासाठी अमेरिकेच्या जॉन फिलिप सूझाचा ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ घ्या. तो १८९६ मध्ये लिहिला गेला आणि १९८७ पासून अमेरिकेचा अधिकृत राष्ट्रीय मार्च आहे. मूळ रचना विंड बँडची, म्हणून पहिल्यांदा विंड बँडचीच ऐका. हा नमुना पुढे ब्रास बँडच्या मार्चलाही लागू पडतो.

सुरुवातीला छोटी ललकारी. मग पहिला भाग, दोनदा. दुसरा भाग, तोही दोनदा. इथपर्यंत एक सा धरून ठेवा, गुणगुणत राहिलात तरी चालेल. त्यानंतर येतो ‘ट्रिओ’ आणि इथे सा हलतो. आतापर्यंतच्या सा चा मध्यम हा नवा सा होतो. आपल्याकडे मध्यमाला सा धरून गायल्यावर गाणं जसं एकदम ऐसपैस होतं, तोच परिणाम. धून लांब श्वासाची होते, आवाज खाली येतो. मग अचानक सगळा बँड एकमेकांवर तुटून पडतो. वरची वाद्यं आणि खालची वाद्यं सवाल-जवाबासारखी भिडतात, आणि त्या धुमश्चक्रीतून ट्रिओची धून पुन्हा वर येते.

या मार्चमध्ये ट्रिओची धून तीनदा येते आणि खालून वर ऐकायचा धडा याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मिळतो. पहिल्यांदा ती साधी येते. दुसऱ्यांदा तिच्यावर पिकोलोची, म्हणजे छोट्या, उंच सुराच्या बासरीची, नक्षी चढते. तिसऱ्यांदा ती नक्षी तशीच असते आणि ट्रॉम्बोन तळातून आपली वेगळी धून घेऊन उठतात. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं लक्ष पिकोलोवर खिळतं. तुम्ही तिसऱ्या वेळी ठरवून खाली जा. ट्रॉम्बोनची ती ओळ एकदा पकडली की शेवट इतका भव्य का वाटतो याचं उत्तर हाती येतं. आणखी एक: मार्च संपतो तो नव्या सा वरच, परत मूळ सा कडे जात नाही. घरी न परतता मुक्कामाला पोचणारा हा प्रवास मला फार आवडतो.

या सूझाचा रेकॉर्डिंगला कडाडून विरोध होता. यंत्रानं वाजवलेल्या संगीताविरुद्ध त्यानं १९०६ मध्ये जाहीर लेख लिहिला. माणसं स्वतः गाणं-वाजवणं सोडून देतील ही त्याची भीती होती. ती खोटी ठरली असं म्हणवत नाही, म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना ट्रिओ निदान गुणगुणा तरी.

आता ब्रिटिश ब्रास बँडच्या मार्चकडे या. विल्यम रिमरचा ‘स्लेडबर्न’ हा लँकेशरमधल्या एका खेड्याच्या नावाचा छोटा, सरळ मार्च सुरुवातीला चांगला. या घराण्याच्या मार्चमध्ये दुसऱ्या भागात बऱ्याचदा उलटापालट होते: धून बेस आणि युफोनियमच्या हाती जाते आणि कॉर्नेट वरून नुसते ठोके देतात. खाली ऐकायची सवय झालेली असली तर हा भाग तुम्हाला लगेच सापडेल.

लोकधुना: बँडमध्ये माणसाचा गळा शोधा

इथे घाई करू नका.

इंग्लंडच्या खेड्यांत म्हातारी माणसं जी गाणी तोंडी गात होती, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्राहकांनी उतरवून घेतली. सेसिल शार्पनं १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका माळ्याच्या तोंडून गाणं ऐकलं आणि तिथून त्याचं संग्रहाचं काम सुरू झालं. त्याच वर्षी संगीतकार व्हॉन विल्यम्स एसेक्समध्ये हेच करू लागला. संगीतकार पर्सी ग्रेंजर तर लिंकनशरमध्ये फोनोग्राफ घेऊन गेला आणि गाणाऱ्यांच्या हरकती, थांबे, लयीतले हेलकावे मेणाच्या नळ्यांवर टिपले. जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी माणसं आपल्याकडेही आहेत, त्यामुळे या कामाचं मोल आपल्याला समजावून द्यावं लागत नाही.

या गाण्यांतल्या कितीतरी मेजर आणि मायनर या पाश्चात्त्य संगीताच्या दोन नेहमीच्या स्वरसमूहांत सरळ बसत नाहीत आणि आपल्या कानाचा फायदा इथेच होतो. ज्याला तिकडे डोरियन म्हणतात तो स्वरसमूह आपल्या काफी थाटाचा: गंधार आणि निषाद कोमल, धैवत शुद्ध. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज थाट, नुसता निषाद कोमल. एओलियन म्हणजे आसावरी थाट. चलन वेगळं, रागाचे नियम तिथे नाहीत, पण स्वर तेच. एखादी इंग्रजी धून पहिल्याच ऐकण्यात ओळखीची वाटली, तर कोणता थाट आहे ते पेटीवर किंवा गुणगुणून बघा.

आता ऐकायला घ्या व्हॉन विल्यम्सचा ‘इंग्लिश फोक साँग सुइट’. मूळ रचना मिलिटरी बँडसाठी, ४ जुलै १९२३ रोजी नेलर हॉल इथल्या लष्करी संगीत शाळेत पहिल्यांदा वाजली. पुढे गॉर्डन जेकबनं ती ऑर्केस्ट्रासाठी बसवली आणि फ्रँक राइटनं ब्रास बँडसाठी. तिन्ही रूपं सहज मिळतात. मार्च आणि लोकधून एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून ही रचना आपल्या कामाची. तीन भाग आहेत: मार्च, इंटरमेझो, मार्च.

पहिल्या भागात चार आवर्तनांच्या (तिकडे ‘बार’ म्हणतात) छोट्या उठावानंतर ‘सेव्हन्टीन कम संडे’ ही धून येते. येत्या रविवारी सतरा वर्षांची होणाऱ्या मुलीचं गाणं. आवर्तनं मोजत ऐका: साधारण मार्चमध्ये सोळाचा हिशोब असतो, इथे तेरा भरतात. म्हणून धून संपायच्या आतच पुढची सुरू झाल्यासारखी वाटते. गाणाऱ्याचा श्वास जिथे संपला तिथे ओळ संपली आणि संगीतकारानं ती ताणून सोळा केली नाही. लोकधून जपणं म्हणजे काय, हे इथे एका हिशोबात दिसतं.

मग एक शांत धून येते, ‘प्रिटी कॅरोलाइन’. तिच्यावर रेंगाळत असतानाच तळातून ‘डाइव्हज अँड लॅझरस’ उसळते, आणि हा या भागातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. खालची वाद्यं धून दोनाच्या सरळ चालीत ठोकतात, वरची वाद्यं त्याच वेळी सहा-आठमध्ये पळतात. प्रत्येक पावलाचे खाली दोन, वर तीन. तबला ऐकणाऱ्याला ही आड लय परकी नाही. तीनदा ऐका: एकदा फक्त खालची धून, एकदा फक्त वरची धावपळ, तिसऱ्यांदा पायानं ठेका धरून दोन्ही. तिसऱ्या वेळी जमलं नाही तर परत पहिल्यावर या, कारण पुढच्या सगळ्या बँड संगीतात हे कौशल्य लागतं.

मधला भाग ‘माय बॉनी बॉय’ या विरहाच्या धुनेचा आहे. इथे काफीचे स्वर स्वच्छ ऐकू येतात. मूळ मिलिटरी बँडमध्ये ही धून ओबोकडे आहे. ब्रास बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये ओबो नाही, तेव्हा ती कोणाला दिली आहे हे ओळखणं हाच इथला अभ्यास. आणि वाजवणारा श्वास कुठे घेतो ते ऐका. पितळी वाद्याचा वादक धुनेच्या ओळीशी श्वास जुळवतो तेव्हा वाद्य गातं. ओळीच्या मध्येच तोडतो तेव्हा कितीही सुरेल असलं तरी वाद्यच राहतं. चांगल्या बँडमध्ये बेसचे वादक आळीपाळीनं श्वास घेतात, त्यामुळे खालचा सूर तुटल्याचं कळतच नाही. याच भागात पुढे ‘ग्रीन बुशेस’ ही हलकी, तिनाच्या लयीतली धून येते.

शेवटच्या मार्चमध्ये सॉमरसेटच्या धुना आहेत. कॉर्नेट एकट्यानं ‘ब्लो अवे द मॉर्निंग ड्यू’ सुरू करतं. ‘हाय जर्मनी’ मधल्या आणि खालच्या वाद्यांकडे जाते. युद्धावर निघालेला शिपाई प्रेयसीला बरोबर चल म्हणतो ते गाणं. पुढे ट्रिओ सहा-आठमध्ये वळतो आणि लय पुन्हा दोन-चारवर आली की ‘जॉन बार्लीकॉर्न’ ट्रॉम्बोन आणि ट्युबांकडून येते, वर कॉर्नेटची लगबग चालू असताना. एव्हाना ती शोधावी लागणार नाही.

तोच मार्च, दुसरा बँड

ब्रास बँडच्या स्पर्धांत परीक्षक बंदिस्त तंबूत किंवा खोक्यात बसतात. कोणता बँड वाजतोय हे त्यांना दिसू नये म्हणून. मँचेस्टरच्या पूर्वेकडच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावांत व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, बँड एकामागून एक गावांत जातात, रस्त्यानं मार्च वाजवत चालतात आणि मग स्पर्धेचा मार्च वाजवतात. तिथेही परीक्षक पडद्याआडच.

रेकॉर्डिंग ऐकताना आपणही आपोआप त्या परीक्षकाच्या जागी असतो, तर त्याच्यासारखंच ऐकून बघा. एकच मार्च दोन बँडचा घ्या, नावं न बघता कोणाला तरी लावायला सांगा आणि तीनच गोष्टी तपासा. सगळे एकाच क्षणी सुरू होतात का, की कडा विस्कटतात? ट्रिओ खरोखर हळू वाजतो का? आणि जोराच्या जागी सूर गोल राहतो की फाटतो? जोरात वाजवणं सोपं आहे, पंचवीस जणांनी मिळून हळू आणि सुरात वाजवणं अवघड. चांगला बँड मी हळू भागावरून ओळखतो.

पुढे काय ऐकाल

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट. यानं संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांवर गीतं आणि सावित्रीवर ऑपेरा लिहिला. तो स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरत होता, त्यामुळे त्याला पितळी वाद्याच्या श्वासाची जाण आतून होती. त्याच्या ‘सेकंड सुइट इन एफ’मध्ये पहिल्याच मार्चमध्ये युफोनियमला एकट्याची धून आहे. शेवटच्या भागात ‘डारगासन’ ही गोल गोल फिरणारी नृत्यधून थांबतच नाही आणि तिच्यावर मध्येच ‘ग्रीनस्लीव्हज’ अलगद येऊन बसते. ती कधी आली हे पहिल्या वेळी सहसा कळत नाही. दुसऱ्या वेळी तिची वाट बघा, पण डारगासनचा धागा सोडू नका.

नंतर त्याचाच ‘अ मूरसाइड सुइट’ लावा. १९२८ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी खास ब्रास बँडकरता लिहिलेला, स्केर्झो (चपळ), नॉक्टर्न (रात्रीसारखा शांत), मार्च अशा तीन भागांचा. धुना लोकगीतांसारख्या वाटतात, पण होल्स्टच्या स्वतःच्या आहेत. तिन्ही भाग क्रमानंच ऐका, शेवटचा मार्च आधी लावू नका, आणि पहिल्यांदा ऐकताना बेसपासून सुरुवात करा.